सर बाजारात भेटले तर: डोजोबाहेरच्या भेटीची रीत

बडोद्याच्या खंडेराव मार्केटबाहेर फळवाल्यांच्या रांगेत मी आमच्या सरांना पहिल्यांदा डोजोबाहेर, म्हणजे कराटेचा वर्ग भरतो त्या जागेबाहेर पाहिलं. कराटे सुरू करून तीन-चार महिने झाले होते आणि पिवळा पट्टा नुकताच कमरेला आला होता. सर साध्या शर्टात होते, एका हातात मोसंब्यांची पिशवी. मी धावत जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो, टाचा जुळवल्या, हात मांड्यांना लावले आणि वर्गात वाकतो तसा वाकून मोठ्याने वर्गातलाच जपानी नमस्कार घातला, ‘ओस, सेन्सेई!’ सरांनी पिशवी खाली ठेवली, दुसरा हात सोडवून घेतला आणि माझ्याइतकंच वाकून मला उत्तर दिलं. तो दुसरा हात धरून त्यांची आई उभी होती, हे मला ते वाकल्यावर दिसलं. आजींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यावर हिरवी पट्टी होती. दोन-तीन सेकंदच गेले असतील, पण त्या गर्दीत आजी हात पुढे करून मुलाला चाचपडत होत्या.

सर मला त्याबद्दल कधीच काही बोलले नाहीत. आता मी स्वतः कारेलीबागेत संध्याकाळी लहान मुलांना शिकवायला मदत करतो, आणि नवीन मुलांचे आईबाबा हमखास विचारतात: ‘सर बाहेर दिसले तर याने काय करायचं? वाकायचं का? पाया पडायचं का? की ओळखच दाखवायची नाही?’ त्यांच्यासाठी, आणि नोकरी सांभाळून पस्तिशी-चाळिशीत पट्टा बांधायला आलेल्या मोठ्यांसाठीही, हे सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे. माझा अनुभव कराटेचा आहे, पण ज्युदो, तायक्वांदो आणि आपल्याकडच्या तालमींतली रीतही जिथे वेगळी आहे तिथे सांगेन.

पायरी १: आधी त्यांचे हात बघा

सर दिसले की लगेच पुढे जाऊ नका. आधी त्यांच्या हातांकडे बघा. हातात पिशव्या आहेत का, कडेवर मूल आहे का, कानाला फोन आहे का, कोणाचा हात धरला आहे का. मग त्यांच्यासोबत कोण आहे ते बघा. शेवटी त्यांचा चेहरा. या सगळ्याला एक श्वास पुरतो.

हे एवढ्यासाठी की नमन एकतर्फी नसतं. तुम्ही वाकलात की समोरच्याला वाकावं लागतं. जो शिक्षक आयुष्यभर ‘समोरच्याच्या नमनाला उत्तर दिल्याशिवाय राहायचं नाही’ असं शिकवत आला आहे, तो भर बाजारातही ते टाळू शकत नाही. म्हणजे तुमच्या आदराचं ओझं त्यांच्या हातावर पडतं. हात भरलेले असतील तर लांबूनच मान झुकवा, हसा आणि पुढे चला. ते थांबले तर तुम्ही थांबा.

त्यांनी तुम्हाला पाहिलंच नसेल तर? डॉक्टरच्या दवाखान्याबाहेर, स्मशानातून परतणाऱ्या माणसांत, घरातल्या कोणाशी गंभीर काही बोलत असताना सर दिसले तर हाक मारू नका. बाकी ठिकाणी एकदा नजरानजर होऊ द्या. नजर मिळाल्यावर मात्र तोंड फिरवायचं नाही. लाजाळू मुलं हे फार करतात, दुकानातल्या फळीआड लपतात. त्यांना ओरडू नका, फक्त सांगा की मान हलवली तरी पुरे.

पायरी २: वाकायचं किती, आणि वाकायचंच का

नवीन माणूस इथेच सगळ्यात जास्त गोंधळतो, म्हणून इथे जरा थांबतो.

जपानमध्ये वाकून नमस्कार करण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. येताजाता ओळखीच्या माणसाला जो हलका नमस्कार करतात, त्याला एशाकु म्हणतात. त्यात कंबर साधारण १५ अंशांत झुकते. त्याहून औपचारिक केइरेई साधारण ३० अंशांचा, आणि अतिशय मानाचा किंवा मनापासून माफी मागतानाचा साइकेइरेई ४५ अंशांच्या आसपास. डोजोत आपण उभ्याने करतो तो रित्सुरेई या मधल्या मापाचा, आणि गुडघ्यावर बसून करतो तो झारेई. म्हणजे खुद्द जपानमध्येही रस्त्यात गुरुजी भेटले तर कोणी डोजोतल्यासारखं लांबलचक नमन करत बसत नाही, हलका एशाकु होतो. मी मार्केटमध्ये जे केलं ते जपानी माणसालाही विचित्र वाटलं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून बडोद्याच्या रस्त्यावर सगळ्यात नीट दिसतो तो आपला साधा नमस्कार. हात जोडा, मान झुकवा, ‘नमस्कार सर’ म्हणा. हात रिकामे नसतील तर उजवा हात छातीशी न्या. आपल्या बऱ्याच क्लासमध्ये सर गुजराती असतात, त्यांना ‘जय श्रीकृष्ण’ किंवा ‘केम छो सर’ म्हटलं तर त्यांनाही घरच्यासारखं वाटतं. त्यात कराटेचा काही अपमान होत नाही. नमनामागचं जपानी मन आणि हात जोडण्यामागचं आपलं मन यांत मला आजवर फरक सापडलेला नाही.

‘ओस’ या शब्दाबद्दल वेगळं सांगायला हवं. काही कराटे-शैलींमध्ये, विशेषतः क्योकुशिनमध्ये, हा शब्द हो, समजलं, नमस्कार, धन्यवाद अशा सगळ्यासाठी वापरतात. पण जपानी बोलीत तो तरण्या मुलांच्या, खेळाच्या संघांतल्या दोस्तांच्या तोंडचा रांगडा शब्द आहे. तिथे तो अनोळखी वडीलधाऱ्यांसमोर किंवा औपचारिक जागी कोणी म्हणत नाही. तुमच्या क्लासमध्ये ‘ओस’ची रीत असेल तर वर्गात खणखणीत म्हणा. रावपुऱ्याच्या फुटपाथवर, सरांच्या सासूबाई शेजारी उभ्या असताना, नमस्कार बरा.

पाया पडायचं का? आपल्या घरात गुरूंच्या पाया पडायची रीत असेल आणि सर ते सहज स्वीकारत असतील तर जरूर पडा. तालमीत हौद्यात उतरताना माती कपाळाला लावून वस्तादांच्या पाया पडतात, तिथे तो रोजचा शिरस्ता आहे. पण जपानी आणि कोरियन कलांमध्ये पायाला हात लावण्याची पद्धत मुळात नाही, आणि बऱ्याच सरांना ती आवडत नाही. एकदा बघा: तुम्ही वाकायला लागल्यावर त्यांनी खांद्याला धरून वर केलं, तर पुढच्या वेळी हात जोडूनच थांबा. शिकवणाऱ्या मॅडम असतील तर विद्यार्थी पुरुषांनी हस्तांदोलनासाठी आपण होऊन हात पुढे करू नये. त्यांनी केला तर घ्यावा.

गाडीवर असताना काय? माझे आजोबा दांडिया बाजाराजवळच्या तालमीत जायचे. वस्ताद समोरून येताना दिसले की ते सायकलवरून खाली उतरायचे, ते पुढे गेल्यावर परत बसायचे. ही गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की आजही ॲक्टिव्हावर असताना सर दिसले तर माझा हात ब्रेकवर जातो. पण चालत्या ट्रॅफिकमध्ये असं अचानक थांबू नका. बाजूला घेता आली तर गाडी बाजूला घ्या, हेल्मेटची काच वर करा म्हणजे त्यांना चेहरा दिसेल, आणि मान झुकवा. सिग्नलला शेजारी उभे असाल तर तेवढंच. हँडल सोडून हात जोडायचे नाहीत.

पायरी ३: हाक कशी मारायची

‘सेन्सेई’ शब्दाचा अक्षरार्थ ‘आधी जन्मलेला’. जपानमध्ये शाळेतल्या शिक्षकांना, डॉक्टरांनाही याच शब्दाने हाक मारतात, त्यामुळे डोजोबाहेर तो म्हटला तर चूक नाही. फक्त हा शब्द कोणी स्वतःसाठी वापरत नाही. म्हणजे उद्या तुम्ही शिकवायला लागलात तर ‘मी अमुक सेन्सेई बोलतोय’ असं फोनवर म्हणायचं नाही. तायक्वांदोत शिक्षकांना साबम म्हणतात. कोरियनमध्ये त्यामागे ‘निम’ हा मानाचा प्रत्यय लागतो, ‘साबमनिम’. तालमीत वस्ताद. आणि बडोद्यात या सगळ्यांना मिळून एक शब्द आहे, ‘सर’. बाहेर तोच वापरा, आजूबाजूच्या कोणाला कोडं पडत नाही.

आता खरी अडचण. आमच्या क्लासमध्ये एक काका येतात, वय वर्षं सत्तेचाळीस, कारखान्यात सुपरवायझर. त्यांना शिकवणारा मुलगा चोवीस वर्षांचा, काळ्या पट्ट्याचा. तो त्यांच्याच सोसायटीत राहतो, लहानपणी यांच्याच घरी टीव्ही बघायला यायचा. वर्गात काका त्याला ‘सर’ म्हणतात. सोसायटीच्या लिफ्टमध्ये काय म्हणायचं? त्यांनी स्वतःच त्याच्याशी बोलून ठरवलं: वर्गात अहोजाहो आणि सर, लिफ्टमध्ये नावाने आणि ‘तू’. मात्र चारचौघांत, विशेषतः वर्गातली दुसरी मुलं आसपास असताना, लिफ्टमध्येही ‘सर’. मला हा तोडगा फार योग्य वाटतो. मुलाने आधी विचारायचं धाडस केलं नसतं, म्हणून विचारण्याचं काम मोठ्यांनी करावं. उलट बाजूने, तो मुलगा त्यांना लिफ्टमध्ये अजूनही ‘काका’च म्हणतो.

वरिष्ठ विद्यार्थ्यांना, म्हणजे सेम्पाईंना, बाहेर दादा-ताई म्हणा. सरांच्या पत्नीला काकू किंवा मॅडम म्हणा. ‘वहिनी’ तेव्हाच, जेव्हा घरोबा झालेला असेल.

पायरी ४: किती वेळ थांबायचं

एक मिनिट. दोन, जर त्यांनीच बोलणं वाढवलं तर. तुमच्यासोबत कोणी असेल तर ओळख तुम्ही करून द्यायची, आणि आधी सरांना सांगायचं: ‘सर, ही माझी आई.’ त्यांच्यासोबत कोणी असेल तर ते ओळख करून देईपर्यंत गप्प राहायचं. नाही करून दिली तर मनावर घ्यायचं नाही.

लहान मुलांच्या आईबाबांना एक विनंती. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला खाली दाबू नका, ‘कर ना नमस्कार, वर्गात तर करतोस!’ असं लोकांदेखत म्हणू नका. तुम्ही स्वतः नमस्कार करा. तीन-चार भेटींत मूल आपोआप करतं, हे मी डझनभर मुलांमध्ये पाहिलं आहे.

पायरी ५: रस्त्यात काय काढायचं नाही

किक आणि काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका. ‘सर, हेइआन निदानमधला तो साइड किक मला जमत नाही, असा का?’ असं म्हणून फुटपाथवर पाय उचलणारे विद्यार्थी असतात. शिकण्याची ओढ आहे, ती चांगलीच आहे. पण सरांना तो पाय दुरुस्त करायचा तर वाकावं लागणार, तुमच्या घोट्याला धरावं लागणार, चार लोक थांबून बघणार. प्रश्न लिहून ठेवा, वर्गाच्या दहा मिनिटं आधी या आणि विचारा.

फीचं बोलणं रस्त्यात नाही. ‘या महिन्याची राहिली आहे हं सर’ हेसुद्धा नाही, कारण मग त्यांना ‘असू दे, असू दे’ म्हणावं लागतं, गरज असली तरी. त्यांच्या घरचे सोबत असताना तर मुळीच नाही. ग्रेडिंगबद्दल, म्हणजे पट्ट्याच्या परीक्षेबद्दलही नाही: पुढचा पट्टा कधी, माझ्या मुलाला का नाही बसवलं, त्याच्या मित्राला कसा मिळाला. हे बोलणं वर्गानंतर, बाजूला घेऊन, वेळ मागून करायचं.

दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या तक्रारी, दुसऱ्या क्लासची उणीदुणी, नको.

आणि गंमत म्हणून सरांवर हात उगारायचा नाही. मागून जाऊन गळ्यात हात टाकणं, ‘अडवून दाखवा सर’ म्हणत पोटात ठोसा काढणं, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना सुचतं. सरांचं शरीर वर्षानुवर्षं प्रतिक्रिया द्यायला घडलेलं असतं. त्यांना तुम्हाला इजा करायची नसते, आणि अचानक झालेल्या गोष्टीत स्वतःला आवरण्याचं काम तुम्ही त्यांच्यावर टाकता.

पार्किंगवरून कोणाशी वाजलं तर ‘मी अमक्या सरांकडे शिकतो’ हे वाक्य तोंडातून काढू नका. त्याच कारणाने क्लासहून घरी जाताना ड्रेसवर जॅकेट घाला आणि पट्टा घडी करून बॅगेत ठेवा. वाटेत दूध घ्यायचं असेल, पाणीपुरी खायची असेल, ते सगळं साध्या कपड्यांत. पाठीवर क्लासचं नाव असताना तुम्ही जे करता ते क्लासच्या नावावर जमा होतं.

पायरी ६: सर कामावर असतील तर

आपल्याकडे फक्त शिकवण्यावर घर चालवणारे थोडे. कोणी बँकेत, कोणी शाळेत पीटीचे शिक्षक, कोणी औषधाच्या दुकानात. काउंटरपलीकडे सर दिसले की रांगेत आपल्या जागीच उभे राहा. ‘सर आपलेच आहेत’ म्हणून पुढे घुसायचं नाही. त्यांच्या साहेबांसमोर ‘सेन्सेई’ म्हणून हाक मारायची नाही. त्यांनी कामावर हे कोणाला सांगितलं नसेल, तो त्यांचा प्रश्न आहे.

पायरी ७: सेव-उसळीच्या गाडीवर

बडोद्यात सर भेटण्याची सगळ्यात संभाव्य जागा हीच. रविवारी सकाळी तर्रीवाली सेव-उसळ, पाव, वर कांदा. सर चार जणांत उभे राहून खात असतील तर नमस्कार करा आणि आपल्या ताटलीकडे वळा. त्यांच्या खाण्यावर बोलू नका. ‘सर, तुम्ही आम्हाला तेलकट खाऊ नका म्हणता’ हे वाक्य मी ऐकलं आहे, आणि त्यानंतर पाव खाली ठेवणाऱ्या माणसाचा चेहरा पाहिला आहे.

पैसे कोणी द्यायचे? विद्यार्थी शिकत असेल, कमावता नसेल, तर त्याने आग्रह धरू नये. सरांनी दिले तर ‘धन्यवाद सर’ म्हणून घ्यावं. कमावत्या विद्यार्थ्याने एकदा विचारावं, दुसऱ्यांदा खेचाखेच करू नये. गल्ल्यावर दोघांनी एकमेकांचे हात धरून ओढणं मला अजिबात आवडत नाही. त्यापेक्षा गुरुपौर्णिमेला घरी जा. श्रीफळ, फुलं, घरी केलेलं काही गोड. काही द्याल ते दोन्ही हातांनी, किंवा उजव्या हाताने आणि डावा हात उजव्याला लावून. कोरियातही मोठ्यांना वस्तू देण्याची हीच रीत आहे, आणि प्रसाद घेताना आपलेही हात असेच होतात. महागडी भेट नको. ती परत करता येत नाही आणि ठेवून घेतली तर तुमच्या पुढच्या ग्रेडिंगवर तिची सावली पडते. दसऱ्याला सोनं द्यायला जाणं ही तर आपल्या घरची रीतच आहे, आणि तालमींमध्ये त्या सुमारास शस्त्रपूजनही असतं. त्या दिवशी न बोलावता गेलात तरी चालतं.

पायरी ८: गरबा, उत्तरायण आणि गणपती

या तीन सणांत सगळं शहर एका पातळीवर येतं, आणि नवीन विद्यार्थी गडबडतो.

गरब्यात सर गोलात असतील तर त्यांना नाचू द्या. वर्गात शेवटच्या रांगेतला मुलगा गरब्यात त्यांच्यापेक्षा सरस असू शकतो, आणि ते त्यांना आवडतंही. मी सरांना पहिल्यांदा मोकळेपणी हसताना पाहिलं ते गरब्यात, कारण आमची एक हिरव्या पट्ट्याची मुलगी त्यांना पावलं शिकवत होती. ती ‘सर, उजवा पाय आधी’ म्हणाली, आणि सर ‘हो मॅडम’ म्हणाले. त्या ठिकाणी तीच त्यांची शिक्षक होती. असं शिकवायची वेळ तुमच्यावर आली तर संकोच करू नका, पण आवाज वर्गातल्यासारखाच नम्र राहू द्या. न विचारता त्यांचा व्हिडिओ काढायचा नाही.

१४ जानेवारीला गच्चीवर. शेजारच्या गच्चीवर सर असतील आणि तुमच्या मांज्याने त्यांचा पतंग कापला, तर ‘काय पो छे’ ओरडा, खुशाल ओरडा. खेळात मुद्दाम हरणं हा त्यांचा अपमान आहे. वर्गातही कोणी मुद्दाम हळू मारलं तर ते चिडतातच ना. मग उंधियू-जिलेबीच्या वेळी गच्चीवरूनच हात जोडा.

गणपतीत बडोद्याच्या मराठी घरांत दहा दिवस येणंजाणं असतं. सरांकडे आरतीला गेलात तर तुम्ही तिथे पाहुणे आहात. चपला नीट लावा, ते तुम्ही डोजोच्या दारात रोज करताच. ताम्हण फिरवायला, पानं मांडायला उठा. भिंतीवरची प्रमाणपत्रं आणि ढाली बघत फिरू नका, आणि तिथे ठेवलेल्या कोणत्याही शस्त्राला, लाठीपासून साई या त्रिशुळासारख्या शस्त्रापर्यंत, न विचारता हात लावू नका.

पायरी ९: फोन

व्हॉट्सॲपवर सर सापडले म्हणजे भेटले असं समजू नका. रात्री नऊनंतर मेसेज नको, रोज सकाळी फुलांची चित्रं नकोत. पहिल्या मेसेजमध्ये नाव आणि बॅच लिहा. येणार नसाल तर आधी कळवा, नंतर कारणांचा निबंध नको. अल्पवयीन मुलांबाबत मेसेज पालकांच्या फोनवरून जावेत, किंवा ज्या गटात पालक आहेत त्या गटात. हा नियम शिक्षकांच्या संरक्षणासाठीही आहे.

पायरी १०: आदर कुठे थांबतो

हे मी हलक्या हाताने लिहू शकत नाही. मार्शल आर्टमध्ये ‘हो सर’ म्हणायची सवय इतकी पक्की होते की काही मुलांना ‘नाही’ म्हणता येतं हेच विसरायला होतं. म्हणून नवीन पालकांनी पहिल्याच आठवड्यात मुलाला हे स्पष्ट सांगावं.

शिक्षकांनी एकट्याला घरी, गाडीत, हॉटेलात बोलावलं तर आईबाबांना विचारल्याशिवाय जायचं नाही. ‘हे घरी सांगू नकोस’ असं म्हटलेली प्रत्येक गोष्ट घरी सांगायची. वर्गाबाहेर सरांची खासगी कामं करणं, गाडी धुणं, पैसे उसने देणं, ही गुरुसेवा म्हणून कोणी मागितली तर मोठ्यांनी मध्ये पडायचं. तंत्र शिकवताना हात लावावा लागतो, पण तो सगळ्यांसमोर, कारण सांगून. बाजारात, घरी, सहलीत तसा हात लावायचं कारण नसतं. मूल अस्वस्थ वाटतंय असं म्हणालं तर ‘सर तसे नाहीत’ हे पहिलं वाक्य नको. पहिलं वाक्य, ‘बरं केलंस सांगितलंस.’ १०९८ हा मुलांसाठीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक घरात सगळ्यांना पाठ असावा. चांगल्या शिक्षकाला या कुठल्याच गोष्टीचा राग येत नाही. आमच्या सरांनी स्वतः दारावर लिहून ठेवलं आहे की पालक कधीही आत येऊन वर्ग बघू शकतात.

पायरी ११: सोडलेला क्लास, जुने सर

शिकणं सुटतं. दहावी येते, बदली होते, गुडघा जातो, पटत नाही. मग जुने सर सूरसागरच्या काठावर फिरायला आलेले दिसतात आणि माणूस रस्ता बदलतो. बदलू नका. ‘सर, मी तुमच्याकडे २०१५ला होतो, पहाटेची बॅच’ असं स्वतःच सांगा. शेकडो मुलांतून तुमचं नाव त्यांना आठवलं नाही तर ‘ओळखा पाहू’ म्हणून उभं करू नका. का सोडलं याची सफाई द्यायची गरज नाही. दुसरीकडे शिकत असाल तर विचारल्यावर सरळ सांगा. नव्या सरांसमोर जुने सर भेटले तर जुन्यांना आधी नमस्कार करा, मग दोघांची ओळख करून द्या. यात कोणी दुखावला जाईल असं मला वाटत नाही, आणि गेला तर त्याचा विचार त्याने करावा.

बडोद्यात हे सांगायला फार लांब जावं लागत नाही. प्रोफेसर माणिकराव इथल्या व्यायामपरंपरेतलं केवढं मोठं नाव, पण त्यांच्या व्यायाममंदिराला नाव आहे त्यांच्या गुरूंचं, जुम्मादादांचं. मराठी शिष्याने मुसलमान उस्तादाचं नाव दारावर लावलं. माझे आजोबा त्या दारावरून जाताना कपाळाला हात लावायचे. ते त्या व्यायाममंदिराचे विद्यार्थी नव्हते, तरीही.

पायरी १२: पुढच्या वर्गात

बाहेरची भेट बाहेर ठेवा. ‘काल मी सरांना बघितलं, ते बरमुड्यात होते’ हे कपडे बदलण्याच्या खोलीत सांगायचं नाही. कमाटीबागेत ते मुलीला छोट्या रेल्वेत बसवून शेजारी धावत होते, हेही नाही, कितीही गोड असलं तरी. ते सांगायचं असेल तर सर सांगतील. भेटीत त्यांनी ‘तू’ म्हणून पाठीवर थाप मारली असली तरी वर्गात शिरताना दारात थांबून नेहमीचं नमन करा, रांगेत आपल्या पट्ट्याच्या जागीच उभे राहा.

आणि फुटपाथवर गिळलेला तो प्रश्न आता विचारा. मार्केटच्या त्या भेटीनंतर मी दोन वर्ग गप्प होतो. तिसऱ्या दिवशी रांग मोडल्यावर सरांनीच मला थांबवलं, आजींचा डोळा आता बरा आहे असं सांगितलं, आणि विचारलं, ‘बोल, त्या दिवशी काय विचारायला आला होतास?’ मला डाव्या पायावरची नेकोआशी, म्हणजे मांजरासारखा उभा राहण्याचा पवित्रा, जमत नव्हती. त्यांनी माझी मागची टाच आतल्या बाजूला वळवली, गुडघा दोन बोटं खाली दाबला आणि म्हणाले, ‘आता थांब असाच.’